इंजिनाचा अन्वय

दिवाळी अंक हाती पडला की वाचक आधी व्यंगचित्रे पाहतो, मग कथा, मग चोरून राशिभविष्य. आणि आमच्यासारख्यांचे सदर वाचतो ते चकलीचा पुढचा घाणा उतरेपर्यंत वेळ जावा म्हणून. ही वस्तुस्थिती पूर्णपणे मान्य करूनच मी यंदाचा विषय निवडला आहे. तो असा : जुन्या जेट बोटीत इंजिन बसवावे कसे आणि ते एका रेषेत आणावे कसे!

"मराठीच्या प्राध्यापकाला इंजिनाशी काय देणेघेणे?" असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर तयार आहे. आपल्या भाषेत लोखंड आणि लेखणी यांचे सोयरेपण जुने आहे. ज्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून नांगर आणि पुढे पंप घडू लागले, तिथूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि 'स्त्री' व 'मनोहर' ही भावंडे मागून आली. कारखान्याला जर साहित्याचे वावडे नव्हते, तर साहित्याच्या मास्तराने इंजिनाला का म्हणून बिचकावे?

शिवाय मी राहतो पुणतांब्याला. आमचे गाव गोदावरीच्या काठी. पण इकडे तिला गोदावरी म्हणतो तो परगावचा किंवा भूगोलाचा शिक्षक. आम्ही तिला नुसती 'गंगा' म्हणतो. गावात चांगदेवांची समाधी आहे. हे चांगदेव महाराज वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले आणि समोरून चौघी भावंडे चक्क भिंतीवर बसून आली, ही गोष्ट आमच्याकडे पोराला दात येण्याआधी कळते. तेव्हा विचित्र वाहनांचे आम्हांला अप्रूप नाही. फरक इतकाच की त्या भिंतीला इंजिन नव्हते, म्हणून ते बसवणारा मिस्त्रीही लागला नाही. बाकीच्या सर्व चालत्या वस्तूंना तो लागतो.

आता जेट बोट म्हणजे काय, ते आधी सांगतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटात बिल हॅमिल्टन नावाचा एक मेंढपाळ जमीनदार होता. 'आयरिशमन क्रीक' हे त्याच्या माळाचे नाव. तिकडच्या नद्या उथळ, गोटेदार आणि दहा धारांत फाटलेल्या. साध्या मोटारबोटीचा पंखा तळाखाली लोंबतो; तो पहिल्याच गोट्यावर आपटून मोडायचा. म्हणून हॅमिल्टनने १९५० नंतरच्या दशकात पंखा बोटीच्या पोटात घेतला. तळाला एक जाळीचे तोंड ठेवले, तिथून पाणी आत ओढायचे आणि मागच्या बाजूने जोरदार फवाऱ्याने बाहेर फेकायचे. पाणी मागे जाते, बोट पुढे जाते. पहिल्या खटपटीत फवारा पाण्याखाली सोडला होता, तेव्हा वेग बेताचाच आला. तोच फवारा पाण्याच्या पातळीवर हवेत सोडला, तेव्हा बोट वीतभर पाण्यावरून पळू लागली. हा शोध आपला नव्हे, असे हॅमिल्टन स्वतःच सांगे. आणि ते खरेच होते. अमेरिकेत जेम्स रम्सीने १७८७ साली पोटोमॅक नदीवर वाफेच्या पंपाने पाणी मागे फेकून नाव चालवून दाखवली होती. पण ओढ्यानाल्यांत रोज चालेल अशी बोट केली ती हॅमिल्टनने.

हे सगळे मी एका संध्याकाळी आमच्या इंजिनमिस्त्रींना सांगत होतो. मिस्त्रींनी सत्तरी ओलांडली आहे. डिझेल इंजिनांची सद्दी होती त्या काळात गंगेच्या दोन्ही काठांवरची निम्मी इंजिने त्यांच्या हातून बसली. आता विजेचे, पाण्यात बुडणारे, सौर असे नाना पंप आले आणि मिस्त्रींच्या लिंबाखालची गर्दी ओसरली. तरी एखादे जुने इंजिन अजून त्यांच्या पायाशी येऊन पडते. मी रम्सीपासून हॅमिल्टनपर्यंत सव्वादोनशे शब्दांचे व्याख्यान दिले. मिस्त्रींनी बिडी विझवली आणि म्हणाले,

"सर, हा तर पंपच झाला की! डिलिवरीचा पाइप मागं वळवलाय, एवढंच."

मी थक्क झालो. चार पुस्तके वाचून जे मला कळले, ते त्यांनी एका वाक्यात बांधून दिले. जेट बोट म्हणजे दुसरे काही नाही, नदीवर निघालेला पंपसेट आहे. आपला पंप काठावर घट्ट बसतो आणि पाणी शेतात जाते; तिचा पंप घट्ट बसत नाही, म्हणून पाण्याच्या उलट दिशेने तो स्वतःच निघतो, आणि आपल्यालाही नेतो.

"मग सांगा मिस्त्री," मी म्हटले, "जुनी बोट आहे, आतला जेट जागेवर आहे, इंजिन काढून ठेवलेले आहे. ते परत कसे बसवाल?"

"आधी सांगा, त्यातलं हलत नाही ते कोणतं?"

वाचकहो, या प्रश्नापाशी मला आमचा संस्कृतचा वर्ग आठवला. श्लोक समोर आला की पोरे पहिल्या शब्दापासून अर्थ लावू लागतात आणि तिसऱ्या शब्दाशी आडवी होतात. जुने शास्त्री सांगत : आधी क्रियापद शोधा. ते एकदा सापडले की कर्ता, कर्म, विशेषणे आपापल्या जागी येऊन बसतात. याला अन्वय म्हणतात. मिस्त्री तेच विचारत होते. जेट बोटीतले क्रियापद म्हणजे जेट. त्याचे तोंड बोटीच्या तळाला बोल्टांनी जखडलेले आणि त्याची शेपटी मागच्या फळीतून बाहेर काढलेली असते. ते हलवायचे म्हणजे बोटच कापायची. म्हणून इंजिनाला जेटकडे यावे लागते, जेट इंजिनाकडे येत नाही. पुष्कळ हौशी लोक इंजिन आधी छान समपातळीत बसवतात, आणि मग शाफ्ट जुळत नाही म्हणून कपलिंगला शिव्या देतात.

पण क्रियापदच चुकीचे छापलेले असेल तर? जुन्या बोटीत हा धोका मोठा. जेटच्या शाफ्टचे बेअरिंग झिजलेले असेल, तर शाफ्टचे टोक केसभर खाली लोंबते. त्या लोंबत्या टोकाशी इंजिन कितीही नेमके जुळवले, तरी आपण चुकीशीच इमान राखले. मिस्त्रींचा नियम असा, की शाफ्ट हाताने वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहावा. आतला पंखा कडेला घासतो का, सुटा फिरतो का, ते पाहावे. बेअरिंग बदलायचे तर ते आधी बदलावे. रेषा आखण्यापूर्वी पट्टी सरळ आहे ना, याची खात्री करावी.

त्यानंतर इंजिनाचा बिछाना. बोटीच्या तळाला लांबीच्या दिशेने दोन तुळया असतात, त्यांवर इंजिनाचे पाय टेकतात. जुन्या बोटीत या तुळया पुष्कळदा लाकडी असून वरून फायबरचे कवच असते. कवच चकचकीत, आणि आतले लाकूड कुजून भुसा झालेले! हातोडीने हलके ठोकत जावे : खणखणीत आवाज आला तर लाकूड जिवंत, बद्द आवाज आला तर त्या ठिकाणी बोल्ट धरणार नाही. नारळ आणि मडके ठोकून घेणाऱ्या आपल्या बायकांना हे शास्त्र शिकवावे लागणार नाही. पायांखाली रबराच्या गाद्या असतात, त्याही वर्षांनी दबतात, तेलाने फुगतात, उन्हाने कडक होतात. चारांपैकी एकच नवी घालणे हे टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा घालण्यासारखे आहे. घालायच्या तर चारही घालाव्यात.

इथे जेट बोटीचा एक चांगला गुण सांगायला हवा. साध्या बोटीत पंख्याचा जोर शाफ्टमधून मागून पुढे येतो आणि त्यासाठी खास बेअरिंग आतल्या बाजूला लागते. जेट बोटीत हा जोर जेटच्या स्वतःच्याच थ्रस्ट बेअरिंगवर पडतो आणि तिथून बोटीच्या अंगात उतरतो. इंजिनाने फक्त फिरवायचे, ढकलायचे नाही. त्यामुळे इंजिन मऊ गाद्यांवर बसवता येते. मात्र त्याने फिरवायचे ते नेमक्या रेषेत.

आता रेषा. मिस्त्रींनी मला ती पंपावरच दाखवली, कारण विद्या तीच. इंजिनाच्या शाफ्टावर कपलिंगची एक चकती, पंपाच्या शाफ्टावर दुसरी. या दोन चकत्यांची तोंडे समोरासमोर. चूक दोन प्रकारची असते. एक म्हणजे दोन्ही शाफ्ट समांतर, पण एक वर आणि एक खाली. शेजारी राहून बोलणे नसलेल्या भावांसारखे. ही चूक चकत्यांच्या कडेवर सरळ पट्टी ठेवली की दिसते. दुसरी म्हणजे शाफ्ट एकमेकांशी कोन करून उभे. मग चकत्यांतली फट वरच्या बाजूला रुंद आणि खालच्या बाजूला अरुंद होते. ती फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजायची. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार ठिकाणी मोजायची. आणि मग दोन्ही चकत्या एकत्रच अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायची, कारण एखादे वेळी शाफ्ट सरळ असतात आणि चकतीच वाकडी असते. वरखाली चूक असली तर पायाखाली पातळ पत्रे घाला किंवा काढा, नाहीतर गादीची नटबोल्टे फिरवा. डावीउजवीकडे असली तर लांबट भोकात पाय सरकवा. एक चूक सुधारली की दुसरी थोडी बिघडते. म्हणून पुन्हा मोजा. घाईचे काम नाही.

"एवढं बारीक कशाला बघायचं? मध्ये रबर आहेच की!" असे मी विचारले. हा प्रश्न माझा एकट्याचा नाही, तो साऱ्या महाराष्ट्राचा आहे. मिस्त्रींनी उत्तरादाखल एक हकीकत सांगितली. एका वैशाखात पलीकडच्या काठच्या एका शेतकऱ्याच्या पंपाचे कपलिंगचे रबर दर आठ दिवसांनी तुटू लागले. ऊस उन्हात उभा, पाण्याची पाळी चालू, आणि रात्री दोन वाजता रबराची भुकटी. पाच वेळा नवे रबर आणले. दुकानदाराशी भांडण झाले, माल खोटा ठरला, सोयरिकीपर्यंत बोलणी गेली. अखेर मिस्त्री गेले. त्यांनी रबराकडे पाहिलेही नाही. इंजिनाच्या चार पायांचे बोल्ट एकेक करून ढिले केले. तीन पाय जागचे हलले नाहीत. चौथ्याचा बोल्ट सुटताच तो पाय केसभर वर उठला. म्हणजे तो पाय मुळी टेकलेलाच नव्हता. बोल्ट आवळून त्याला जबरदस्तीने खाली ओढले होते, त्यात सारा सांगाडा पिळला गेला होता आणि शाफ्ट रेषेतून गेला होता. त्याखाली एक पातळ पत्रा सरकवला, पुन्हा रेषा मोजली, आणि ते सहावे रबर पुढे हंगामभर टिकले.

त्या हकीकतीचा हिशेब मी नंतर घरी येऊन केला. मिनिटाला दीड हजार फेरे घेणारे इंजिन तासाला नव्वद हजार फेरे घेते. रेषा चुकलेली असेल तर रबराला तासाला नव्वद हजार वेळा दुमडावे आणि उलगडावे लागते. रबर चूक सुधारत नाही. तुटेपर्यंत ती सोसते, इतकेच. आणि रबर तुटले नाही, तर ती चूक बेअरिंग सोसते. बोटीतले मोटारीचे इंजिन तर याच्या दुप्पट-अडीचपट वेगाने फिरते.

पुष्कळ जेट बोटींत रबराच्या कपलिंगऐवजी दोन टोकांना सांधे असलेला कार्डन शाफ्ट असतो, मालमोटारीखाली लोंबतो तसा. इथे नियम उलटे होतात, आणि ते मोठे मौजेचे आहेत. असा एक सांधा कोनात फिरला की बाहेर पडणारी गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. पण दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनाचा दुसरा सांधा असला आणि दोघांचे काटे एका पातळीत बसवले असले, तर पहिल्याची चूक दुसरा बरोबर फेडतो आणि जेटला गती एकसारखी मिळते. म्हणजे इथे शाफ्ट अगदी एका रेषेत नसले तरी चालतात. ते समांतर असावे लागतात आणि दोन्ही कोन सारखे असावे लागतात. कोन अजिबात नसणेही वाईट. सांध्यातल्या बारीक सुया मग जागच्या हलत नाहीत, एकाच ठिकाणी रुततात आणि खड्डे पाडतात. एखाददोन अंशांचा वाकडेपणा लागतोच. मिस्त्री म्हणाले, "नवराबायकोचं असंच असतंय, सर." यावर मी विवाहित मनुष्य असल्यामुळे भाष्य केले नाही.

एवढे सगळे जमले, बोल्ट आवळले, आता संपले, असे वाटते ना? तिथेच जुनी बोट फसवते. पंपाचे ओटे काँक्रीटचे असतात. बोटीचा तळ तसा नसतो. ती जमिनीवर ठोकळ्यांवर टेकलेली असते तेव्हा तिचा भार दोनचार ठिकाणी पडतो, आणि पाण्यात उतरली की सगळ्या तळाला सारखा आधार मिळतो. शिवाय टाकीत तेल भरते, माणसे बसतात. जुने अंग या फरकाने थोडे वाकते किंवा सरळ होते, आणि शेडमध्ये साधलेली रेषा पाण्यात राहत नाही. म्हणून मोठ्या गोद्यांतसुद्धा शाफ्टची शेवटची तपासणी नौका पाण्यात उतरल्यावर करतात. बोट पाण्यात सोडायची, तेलाचा भार घालायचा, तिला अंग टाकू द्यायचे, मग पुन्हा फीलर गेज घेऊन बसायचे. थोडे तास चालवल्यावर नव्या गाद्या दबतात, म्हणून तिसऱ्यांदा. यंत्र ज्या अवस्थेत काम करणार, त्याच अवस्थेत ते मोजले पाहिजे.

एवढा खटाटोप एका बोटीसाठी कशाला, याचे कारण आता सांगतो, आणि ते हसण्यासारखे नाही. साध्या बोटीला सुकाणू असते. इंजिन बंद पडले तरी पाण्याच्या ओढीत ते थोडेफार वळवता येते. बहुतेक जेट बोटींना सुकाणू नसते. मागचा फवारा डावीउजवीकडे वळवला की बोट वळते, आणि त्यावर एक झाकण पाडून तो पुढच्या दिशेला उलटवला की बोट थांबते. म्हणजे वेग, वळण आणि लगाम ही तिन्ही त्या एका फवाऱ्यावर अवलंबून. कपलिंग तुटले की फवारा गेला. फवारा गेला की बोट म्हणजे पाण्यावर पडलेले पान.

१९७७ साली एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागराहून निघाले. आमच्या गंगेवर नव्हे, उत्तरेच्या गंगेवर. बोटींची नावे 'गंगा', 'एअर इंडिया' आणि 'किवी'. आणि चालवणाऱ्यांत हॅमिल्टनचा मुलगा जॉन होता. सपाट बंगालपासून हिमालयाच्या खळखळाटापर्यंत त्या पाण्याविरुद्ध चढत गेल्या आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना अडवले. त्या प्रवासावर पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र मिस्त्रींच्या लिंबाखाली बसून वाटले, की त्या पांढऱ्या पाण्यात, दोन्हीकडे कडे आणि समोर शिळा असताना, तिथल्या माणसांचा जीव दोन चकत्यांमधल्या त्या पात्याएवढ्या फटीवर टांगलेला होता. ती फट कोणीतरी, कुठल्या तरी शेडमध्ये, गुडघे टेकून, चार ठिकाणी मोजली होती.

आता आपल्या दाराशी येऊ. नाशिकला पाऊस कोसळला आणि वरून पाणी सुटले की आमची शांत गंगा काय करते, हे २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये या खोऱ्याने पाहिले आहे. २०१९ मध्येच कृष्णेच्या पुरात ब्रह्मनाळला माणसे वाचवायला निघालेली बोट उलटून माणसे गेली. पुराच्या पाण्यात कुंपणाच्या तारा असतात, बाभळी असतात, उसाचे पाचट असते. अशा वेळी उघडा पंखा नसलेली जेट बोट फार उपयोगाची. मात्र जलपर्णी आणि पाचट तिच्या जाळीत अडकून तिचा घसा आवळू शकतात, हेही चालवणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. आज आपल्या नौदलाची, तटरक्षक दलाची कितीतरी जलद जहाजे याच तत्त्वावर चालतात. त्यांच्याकडे माणसे आहेत, मोजमापाची यंत्रे आहेत. माझी काळजी लहान बोटींची आहे. पुराची बोट, मग ती पंख्याची असो वा जेटची, अकरा महिने शेडमध्ये पडून असते. तिच्या गाद्या उन्हाळ्यात कडक होतात, बोल्टांना गंज चढतो, तुळयांत ओल मुरते. आणि ज्या दिवशी ती लागते, त्या दिवशी मोजायला वेळ नसतो.

म्हणून, वाचकहो, ज्यांच्या गावात अशी एखादी बोट आहे त्यांनी फराळ झाल्यावर एवढेच करावे. मे महिन्यात तिला पाण्यात उतरवायला सांगावे, आत माणसे बसवावीत, आणि ज्याच्या खिशात फीलर गेज आहे असा एखादा म्हातारा मिस्त्री हुडकून आणावा. त्याच्याजवळ एक पोरगा बसवावा. पोरग्याने पास-नापासाची चिंता न करता चार ठिकाणची फट मोजावी, चकत्या अर्धा फेरा फिरवाव्यात आणि पुन्हा मोजावी. आमच्या मिस्त्रींकडे गेल्या पावसाळ्यापासून माझ्या वर्गातला एक विद्यार्थी जाऊ लागला आहे. त्याचा अन्वय अजून कच्चा आहे. पण परवा त्याने एका पंपाचा न टेकलेला पाय पहिल्याच खेपेला ओळखला, आणि त्याखाली किती जाडीचा पत्रा लागेल तेही बरोबर सांगितले.